उष्ट्या पेरूचं जीवशास्त्र

डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत शिकलेल्या बायका पुष्कळ होत्या, पण प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन सासरी आलेली मी एकटीच. हे मी स्वतःहून कुणाला सांगत नसे. फक्त झुरळ दिसलं की त्याचं लॅटिन नाव घ्यायचे, म्हणजे समोरच्या बाईला पुढचा प्रश्न विचारावाच लागायचा. ठाण्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी अकरावी-बारावीला शिकवत होते आणि घरी आल्यावर उरलेल्यांना. बांगडा साफ करताना सासूबाईंना त्याचं हृदय कुठे, यकृत कुठे ते दाखवायचे. सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "बघितलं. आता धू."

एवढं सगळं ज्ञान घरात वाहत असताना माझा मुलगा मात्र बोलत नव्हता.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. इमारतीत रंगीत टीव्ही येऊ लागले होते आणि त्याच्या वयाची पोरं त्यातल्या जाहिराती तोंडपाठ म्हणत होती. हा तीन वर्षांचा होत आला तरी त्याच्याजवळ एकच शब्द होता. 'अं'. पाणी हवं तरी अं, नको तरी अं, कावळा दिसला तरी अं. चढता अं म्हणजे प्रश्न, उतरता अं म्हणजे नकार आणि लांबवलेला अं म्हणजे शी झाली. कळायचं सगळं. चष्मा आण म्हटलं की चष्मा आणायचा, बाबांना जेवायला बोलाव म्हटलं की त्यांचा लेंगा ओढायचा. बोलायचा तेवढा नाही. जूनमध्ये त्याला बालवाडीत घालायचं होतं आणि बालवाडीच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याने पुढच्या वर्षी यावं.

सगळ्यात आधी आम्ही शहाण्यासारखे कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याच्या पाठीमागे घंटा वाजवली, डबा वाजवला, हळूच चॉकलेटचा कागद चुरगाळला. कागदाला तर त्याने खुर्चीवरून उडी मारली. कान उत्तम आहेत म्हणाले, वाट बघा, सहा महिन्यांनी परत आणा. जाताना विचारलं, घरी कुणी याच्याशी बोलतं का? आमचे हे म्हणाले, "ही बोलते ना. त्याला मध्ये जागा मिळत नसेल." कल्याण ते डोंबिवली आम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. घरी पोचेपर्यंत न बोलणारे तिघे झालो होतो.

आमच्या समोरच्या दाराला काकू राहायच्या. मनाने वाईट नव्हत्या, पण मनात आलेलं तोंडात यायला त्यांना मुळीच वेळ लागायचा नाही. एकदा मी कॉलेजातून येताना खाली खेळणाऱ्या पोराला घेऊन वर येत होते, तर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. माझ्या पोराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "जरा मंद आहे का गं तो?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं लॅटिन नाव होतं. त्या दिवशी एकही आठवलं नाही. मी कुलपात किल्ली फिरवत राहिले. दार आतून उघडंच होतं, हे नंतर लक्षात आलं.

सासूबाईंनी आपले उपाय कधीच सुरू केले होते. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावून झालं. तो उपाय त्याला मधामुळे फार आवडला. जीभ बाहेर काढून रोज हजर व्हायचा आणि अं म्हणायचा. मग पोपटाचं उष्टं निघालं. पोपटाने चोच मारलेला पेरू मुलाला खायला दिला की मूल बोलायला लागतं, हे त्यांच्या माहेरी, सासरी आणि त्या दोन्हींच्या मध्ये लागणाऱ्या सगळ्या गावांत सिद्ध झालेलं होतं. पोपट समोरच होता, काकूंच्या गॅलरीत. फक्त एकच अडचण होती. काकूंच्या त्या पोपटाने जन्मात शिट्टीपलीकडे काही उच्चारलं नव्हतं. म्हणजे न बोलणाऱ्या पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊन न बोलणारा मुलगा बोलणार होता.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा सासूबाई बासुंदीचं दूध आटवत होत्या आणि ओट्यावर तो चोच मारलेला पेरू ठेवलेला होता. मी पेरू उचलून केराच्या डब्यात टाकला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. वर्गात उभी राहायचे तशी.

"आई, पोपट पक्षी आहे. त्याचं आपलं नातं फार लांबचं. उष्टंच भरवायचं तर माकडाचं भरवा. निदान नातलग तरी आहे आपलं."

हे मी उपरोधाने म्हटलं. माझ्या उपरोधाला तेव्हा फार धार होती असा माझा समज होता.

सासूबाईंनी पळीने दूध ढवळत विचारलं, ते कसं काय नातलग? बस्स. मला तेवढंच हवं होतं. मी तास सुरू केला. पेशीपासून. शरीर कसं बनवायचं याची सगळी माहिती प्रत्येक पेशीत असते, त्या माहितीच्या एकेका तुकड्याला जनुक म्हणतात. कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका जुन्या विज्ञान मासिकात मी त्या आठवड्यातच वाचलं होतं आणि ते कुणाला तरी ऐकवायला टपलेलेच होते. माणूस आणि चिंपांझी, दोघांची जनुकं ताडून पाहिली तर ती जवळजवळ सारखीच निघतात. मग आपण बँकेत आणि तो झाडावर, असं का? तर शास्त्रज्ञांना वाटतं की फरक बहुधा जनुकांत कमी आणि ती चालवण्यात जास्त आहे. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, कुठलं जोरात, कुठलं हळू, आणि कधी. विशेष करून मेंदूत. वर हात करून मी त्यांना पंखा दाखवला. आपला आणि काकूंचा पंखा एकाच दुकानातला आहे ना? पाती तीच, मोटर तीच. रेग्युलेटर वेगळा, म्हणून वारा वेगळा.

तेवढ्यात वीज गेली आणि दाखवायचा पंखा बंद पडला. पण सासूबाईंचं पंख्याकडे लक्षच नव्हतं. त्या खाली वाकून गॅसची ज्योत बघत होत्या.

"म्हणजे सामान तेच, आच वेगळी," त्या म्हणाल्या.

"साधारण तसंच."

"मग माझा नातू मंद आचेवर आहे." पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटली. "मोठ्या आचेवर दूध उतू जातं, नाहीतर खाली लागतं. बासुंदी व्हायला मंदच लागते. त्या समोरचीला सांग."

म्हणजे जिन्यातलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. दार आतून उघडं होतं ते त्यांच्यामुळेच.

आता एखादी बरी सून असती तर तिने तिथेच त्यांना मिठी मारली असती. मी काय केलं? मी म्हटलं, "आई, इतकं सोपं नसतं हो ते." पुढे बऱ्याच वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, वाचनात आलं की माणसाच्या मेंदूतली काही जनुकं, विशेषतः मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडण्याच्या कामावरची, इतर माकडांच्या मानाने फार उशिरापर्यंत जोरात चालू असतात. माकडाचं पिल्लू जे काम लहानपणीच आटपून मोकळं होतं, ते आपल्याकडे वर्षानुवर्षं शिजत राहतं, म्हणून आपण इतकी वर्षं शिकत राहू शकतो. मी ते परत परत वाचलं. प्रत्येक वेळी त्या पानाला वेलचीचा वास आला.

असो. त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या व्याख्यानातून आणखी एक गोष्ट उचलली होती. संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर जिन्यात बायका माझ्याकडे आदराने बघत होत्या. मला वाटलं, साडी चांगली दिसत असेल. वर आले तर काकू दारातच उभ्या. "काय गं प्रोफेसरीणबाई, माकडाचं उष्टं द्यायचं असं शास्त्रात निघालंय म्हणे?" सासूबाईंनी सगळ्या इमारतीला सांगितलं होतं. आमच्या सूनबाईंनी पुस्तकात वाचलंय. पोपट चालत नाही, माकडच लागतं, जनुकं जुळावी लागतात.

रात्री ह्यांनी विचारलं, तू खरंच असं म्हणालीस का. म्हटलं, अहो, मी उपरोधाने म्हणाले. हे म्हणाले, आईला उपरोध कळत नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता मला वाटतं की त्यांना तो फार चांगला कळत होता. त्या त्यावर वेळ घालवत नसत, सरळ कामाला लावत.

चिंपांझी ठाणे जिल्ह्यात मिळत नाही, एवढं त्यांनी माझं मान्य केलं आणि येऊरच्या माकडांवर तडजोड केली. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी माझी नणंद राहायची. तिच्याकडे माकडं गच्चीवरचे वाळवणाचे पापड खाऊन जात, त्यामुळे पुरवठ्याची खात्री होती. शनिवारी जायचं ठरलं. शनिवार मारुतीचा, म्हणजे माकडाचं उष्टं हा प्रसादही झाला. विज्ञान आणि धर्म यांचा इतका सुंदर संगम मी नंतर कुठे पाहिला नाही.

मी विरोध केला. चावण्याबद्दल बोलले, जंतूंबद्दल बोलले, ज्या रोगांची नावं मला येत होती ती सगळी घेतली. सासूबाई म्हणाल्या, धुऊन देऊ. मग मी अट घातली की मीही येणार, आणि पोराला माकडाच्या जवळ जाऊ देणार नाही, आणि उष्टं फळ त्याच्या तोंडात जाणार नाही. का येणार, असं ह्यांनी विचारल्यावर म्हटलं, निरीक्षण करायला. पेरू आणायचे होते ते मात्र मीच आणले. गाडीवाल्याजवळ उभं राहून, एकेक दाबून, वास घेऊन, त्यातले पिकलेले निवडले. निरीक्षणाला कुठलेही चालले असते.

येऊरच्या चढावर एक लहानसं मारुतीचं देऊळ होतं आणि त्याला लागून दगडी कुंपण. सासूबाईंनी कुंपणावर पेरूंची रांग लावली. माकड येईल, एक उचलेल, चावेल, टाकेल, आपण घेऊ, अशी योजना. पोराला कडेवर घेऊन आम्ही चार पावलं मागे उभ्या राहिलो. त्याने चुळबुळ करू नये म्हणून मी त्याच्याही हातात एक पेरू दिला. तो त्याने दोन्ही हातांनी धरून कुरतडायला घेतला.

माकडीण आली. पोटाला पिल्लू. कुंपणावर बसून तिने आमच्या रांगेवरून नजर फिरवली, अगदी मी गाडीवाल्याकडे फिरवली होती तशी, आणि एकही पेरू तिला पसंत पडला नाही. पिल्लू तिच्या पोटावरून सुटलं आणि एकटंच फांदीवर चढलं. काही महिन्यांचं असेल. चढलं, लोंबकळलं, खाली आलं, एक पेरू ढकलून पाडला, तो पडताना बघितला. आमचं तीन वर्षांचं पोर सासूबाईंच्या कडेवर बसून नाक गळू देत हे बघत होतं. माझ्या मनात जी तुलना झाली ती आई म्हणवणाऱ्या बाईला शोभणारी नव्हती. त्या पिल्लाची बासुंदी कधीच आटून झाली होती. आमची अजून गॅस पेटवण्यापासून तयारी होती.

मग एका क्षणात माकडीण कुंपणावरून उतरली, सरळ सासूबाईंच्या पुढ्यात आली, हात लांब केला आणि पोराच्या हातातला, त्याने अर्धा कुरतडलेला पेरू काढून घेतला. ओरबाडलं नाही, चावली नाही. भाजीवाली पिशवीत टाकलेला जास्तीचा टोमॅटो परत काढून घेते तसा घेतला आणि परत कुंपणावर जाऊन बसली.

माझं पोर आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिलं. मी त्या उतरत्या 'अं'ची वाट बघत होते.

"माझा पेरू," तो म्हणाला.

सासूबाईंचे हात सैल झाले. मी त्याला खालून धरलं. त्याने मान वळवून आजीकडे बघितलं, बहुधा हिला ऐकू गेलं नाही असं वाटून, आणि सगळं नीट सांगितलं.

"आजी, माकडनी माझा पेरू घेतला."

अशा वेळी आईने काय म्हणावं, याचं उत्तम उदाहरण मी घालून दिलं. मी म्हटलं, "त्याने तृतीया वापरली." सासूबाई रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसल्या आणि त्याला मांडीवर घेऊन परत म्हण, परत म्हण करू लागल्या, आणि तो म्हणत राहिला, दर वेळी माकडावर जास्त चिडून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण निरीक्षणात ते धरत नाहीत.

थोडं सावरल्यावर माझ्यातली मास्तरीण परत आली. मी सासूबाईंना लक्षात आणून दिलं की प्रयोग उलटा झाला आहे. आपल्याला माकडाचं उष्टं याला द्यायचं होतं. इथे याचं उष्टं माकडाने खाल्लं. सासूबाईंनी विचार केला. पदराने डोळे पुसले. मग कुंपणाकडे वळून माकडिणीला म्हणाल्या, "मग बोल बाई आता तू."

आम्ही खरंच वाट बघितली. दोन बायका आणि एक मूल, मारुतीच्या देवळाबाहेर, माकडाच्या तोंडाकडे बघत. तिने बिया थुंकल्या, साल पिल्लाच्या हातात दिली, कुशीत खाजवलं आणि काही न बोलता झाडावर गेली. जनुकं जवळजवळ सारखी असून काय उपयोग, हे तिच्याइतकं स्वच्छ मला कुठल्याही मासिकाने समजावलं नाही.

जूनमध्ये बालवाडीच्या बाईंनी नाव विचारलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, माझं सांगितलं, आजीचं सांगितलं, आई रात्री बाबांना काय म्हणते ते सांगितलं, आणि मग येऊरच्या माकडाने पेरू कसा घेतला हे पहिल्यापासून सुरू केलं. बाईंनी हात जोडून त्याला आत घेतला. इमारतीत श्रेयाची वाटणी झाली. थोडं मारुतीला गेलं, थोडं वेखंडाला. काकूंनी आपल्या पोपटासाठी हक्क सांगितला, कारण केरात टाकलेल्या पेरूचा वास तर पोराने घेतलाच असणार. हे म्हणाले, माकडिणीने निदान त्याला बोलायला जागा दिली. जनुकांचं नाव कुणी काढलं नाही. मी काढलं, तर काकू म्हणाल्या, तीच ना, माकडाच्या उष्ट्यातली?

नव्वदीच्या शेवटी शेवटी एका दुपारी काकू आमच्याकडे आल्या. सासूबाई तेव्हा भिंतीवर, हारात गेल्या होत्या. मुलगा कॉलेजात जात होता आणि घरी असेल तेव्हा टेलिफोनला चिकटलेला असायचा. त्याला गप्प करण्याचा काही उपाय असेल तर मी त्याच्या शोधात होते. काकूंचा पोपट मेला होता, न बोलताच. त्या दाराशीच पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या. त्यांची लेक बाळाला घेऊन माहेरी आली होती. नातू अडीच वर्षांचा, अजून काही बोलत नव्हता.

मी आधी शहाण्यासारखं विचारलं, कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवलं का. दाखवलं होतं. कान उत्तम होते. चॉकलेटच्या कागदाला त्यानेही उडी मारली होती.

"सासरचे मंद म्हणतात गं त्याला," काकू म्हणाल्या.

माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. जिन्यात ज्या दिवशी सुचलं नव्हतं त्या दिवसापासून मुरवून, वर तेल सोडून, बरणीत भरून ठेवलेलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ती बरणी काही उघडावीशी वाटली नाही. म्हटलं, काकू, बसा. मंद म्हणजे आच. आणि त्यांना दुधाचं सगळं सांगितलं, सासूबाईंच्या शब्दांत, कारण माझ्या शब्दांत कधी कुणाला कळलं नव्हतं. पळीसुद्धा आपटून दाखवली. काकूंनी मन लावून ऐकलं, हारातल्या फोटोकडे बघितलं, दोनदा मान हलवली.

मग उठता उठता हळूच म्हणाल्या, "ते सगळं खरं गं. पण तुमचं ते येऊरचं... मिळेल का?"

येऊरला जाण्याइतके माझे गुडघे उरले नव्हते आणि त्या लेकराला माकडाचं उष्टं खाऊ घालण्याइतकी मी बिघडलेही नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले. फ्रीजमधला एक पिकलेला पेरू घेतला, स्वच्छ धुतला, आणि दाढेने कडेचा चांगला मोठा लचका तोडला. प्राण्यांच्या ज्या गणाला मराठीत नरवानर म्हणतात त्यात कोण कोण बसतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. वर्गीकरणाच्या दृष्टीने मी काहीही खोटं करत नव्हते.

काकूंनी पेरू हातात घेऊन दातांच्या खुणा उजेडात धरून बघितल्या.

"मोठं दिसतंय गं माकड."

तोंडातला पेरू गिळून म्हटलं, "मोठंच आहे काकू. एम.एस्सी. झालेलं."